झेंडा कोणत्या टोकाला

माझी भाची पीएच.डी.साठी मीरा रोडला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, महाडहून फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दादा, ती काहीतरी साखरेवर करतेय. जेवणाची आबाळ होऊ देऊ नकोस." मी निवृत्त होईपर्यंत ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. साखरेवर काय करतेय ते आपल्याला कळेल, असा माझा समज होता. तो पहिल्याच आठवड्यात गेला.

मी वर्गात विकर, म्हणजे एन्झाइम, शिकवायचो ते कुलूप आणि किल्ली काढून. प्रत्येक विकराचं गिऱ्हाईक ठरलेलं, असं सांगायचो, आणि परीक्षेत त्याला दोन गुण असायचे. भाचीचं विकर या दोन गुणांत बसत नव्हतं. पेशीच्या आतल्या प्रथिनांवर साखरेचा एक कण चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. पण त्याची गिऱ्हाइकं हजारो. त्यांच्यावर 'इथे चिकटवा' अशी ठरलेली खूण नाही. फॉस्फेट नावाचा असाच एक शिक्का मारायला पेशी शेकडो विकरं बाळगते. साखरेच्या या खात्यात मात्र एक लावणारं आणि एक काढणारं. एवढा पसारा आणि कर्मचारी दोन.

"मग कुणावर लावायची आणि कुणावर नाही, हे त्याला कळतं कसं?" मी विचारलं.

"हाच तर माझा विषय आहे, मामा."

ती आमटीत डाव फिरवत होती. तो तिनं बाहेर काढून माझ्यासमोर धरला. या विकराचे तीन प्रकार असतात, एकाच जनुकातून निघालेले. डावाची वाटी तिघांची सारखीच, म्हणजे साखर लावणारा भाग तोच. दांडा मात्र एकाचा लांब, एकाचा मध्यम आणि एकाचा अगदी आखूड, जवळजवळ नसल्यासारखा. दांडा सरळ नसतो, गोल जिन्यासारखा पिळदार असतो, आणि त्याच्या पोकळीत प्रथिन येऊन बसतं.

"म्हणजे निवड दांडा करतो?"

"असं आम्ही समजतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सर," ती म्हणाली आणि डाव परत आमटीत घातला.

तिच्या सरांना, म्हणजे मार्गदर्शकांना, मी तोवर एकदाच पाहिलं होतं. विद्वान माणूस, यात शंका नाही. पण त्यांची स्वतःविषयीची खात्री विषयाच्या खात्रीपेक्षा दोन पावलं पुढे चालायची. एका व्याख्यानाला भाचीनं मला नेलं होतं. पहिल्या चित्रात सूर्योदय होता, दुसऱ्यात सर होते, तिसऱ्यात विकर. आखूड दांड्याच्या विकराला स्वतःची वेगळी आवड असते, लांब दांड्याचं ज्या प्रथिनांना हातही लावत नाही त्यांना ते हमखास साखर लावतं, असं त्यांचं प्रतिपादन होतं. 'एन्झाइमचा स्वभाव' हे शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरले की विकराची पत्रिकाही काढली असेल असं मला वाटून गेलं. या स्वभावाचा पुरावा भाचीचा होता. तिच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच. ते उभं राहिलं तर पदवी, पडलं तर हातात जे उरेल ते. मुदत जूनअखेर होती.

त्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. हे मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरी एका कुरिअर कंपनीत, आणि समारंभ हा त्यांचा खरा पेशा.

"सर, मॅडमचा सत्कार ठरलाय. सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनाच्या नंतर. कमिटीनं पास केलंय."

"अहो, पण तिला अजून पदवी मिळालेली नाही."

"मिळेल ना. आता नाही केलं तर डायरेक्ट पंधरा ऑगस्ट. तेव्हा दहावी-बारावीवाले असतात, लाइन लागते. मॅडम गर्दीत हरवून जातील."

जवळच्याच एका बॅनरवाल्याला त्यांनी काम देऊनही टाकलं होतं, आणि बॅनरवर नावाआधी 'डॉ.' होतं. भाचीनं ते काढायला सांगितलं. सेक्रेटरींनी मान डोलावली. ही मान ते पाण्याच्या तक्रारीवरही अशीच डोलावतात.

"फक्त फोटो चांगला दिसत नाही," ते म्हणाले. "मॅडमच्या रिसर्चचं एक चित्र द्या. पब्लिकला समजलं पाहिजे काय चाललंय ते."

भाचीनं मागे कोऱ्या असलेल्या एका कागदावर तीन आकृत्या काढल्या. तीन डाव, उभे: दांडे वरच्या बाजूला, वाट्या खाली. मग सवयीनं प्रत्येकाला एक छोटं निशाण लावलं. लांब आणि मध्यम प्रकाराला दांड्याच्या वरच्या टोकावर, आखूडला खाली, वाटीच्या बुडाशी.

सेक्रेटरींनी कागद उचलला, लांब धरून पाहिला आणि खाली ठेवला.

"हे चालणार नाय."

"काय?"

"दोघांचे झेंडे वर आणि तिसऱ्याचा पायाशी? सव्वीस जानेवारीला? लोक बोलतील, मॅडम. कोणी व्हॉट्सॲपवर टाकलं तर माझी वाट लागेल."

"काका, ते झेंडे नाहीत. टॅग आहेत."

"ते तुम्हाला माहीत. पब्लिकला काय माहीत? एक काम करा ना, तिन्ही वर लावा. सेम टू सेम."

"तसे ते नाहीयेत," भाची म्हणाली. "हे दोन असेच मिळाले आणि तिसरा मी…"

ती थांबली. सेक्रेटरींना वाटलं, पटलं. ते चहा पिऊन गेले. भाची त्या कागदाकडे बघत बसली, आणि आमटी गरम करायला मला उठावं लागलं.

जेवताना तिनं सांगितलं ते असं. पेशीत हजारो प्रथिनं असतात. त्यातलं आपलं कोणतं, हे ओळखायला त्याच्या एका टोकाला छोटीशी शेपटी जोडतात, तीच टॅग. ती शेपटी तेवढी पकडणारी रसायनं विकत मिळतात. शेपटी ओढली की विकर हाती येतं. लांब आणि मध्यम प्रकार तिनं स्वतः बनवलेले नव्हते. ते प्रयोगशाळेच्या फ्रीझरमधून आले होते, तिच्याआधीच्या सीनियरनं ठेवलेले, त्याला त्याच्या सीनियरनं दिलेले. घरातल्या विरजणासारखे ते चालत आले होते आणि पहिलं दही कुणी लावलं, हे कुणालाच आठवत नव्हतं. त्यांची शेपटी पुढच्या टोकाला, म्हणजे दांड्याच्या तोंडावर होती. आखूड प्रकार फ्रीझरमध्ये नव्हता, म्हणून तो तिनं नव्यानं बनवला. हाताशी जे साहित्य होतं त्यात शेपटी मागच्या टोकाला लागत होती. तिनं ती तिथे लावली.

"पण हे तुला आधीपासून माहीत होतं," मी म्हणालो.

"माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. सीनियरनं तपासलं होतं, टॅग लावूनही विकर साखर लावतं. लावतंय ना? मग चालतंय."

"मग अडचण काय?"

"साखर लावते वाटी, मामा. निवडतो दांडा. आणि दांड्याच्या तोंडातच आम्ही बोळा कोंबून ठेवलाय. लांबवाला ज्यांना घेत नाही, त्यांना तो नको म्हणतोय, की त्याला ते घेताच येत नाहीत? आणि आखूडवाल्याची वेगळी आवड म्हणतो, ती आवड आहे, की त्याचं तोंड तेवढं मोकळं होतं म्हणून?"

तिनं पोळीचा तुकडा तसाच हातात धरला होता.

"तुमच्या सेक्रेटरीकाकांनी प्रश्न बरोबर विचारला," ती म्हणाली.

"त्यांनी प्रश्न विचारलेला नाही. त्यांनी तक्रार केली." हे मी आजही मानतो. त्या गृहस्थांना विकराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना डाव्या-उजव्या बाजूला सारखं दिसणारं बॅनर हवं होतं. पण आतापर्यंत ते चित्र जाणकारांनीच पाहिलं होतं, आणि जाणकार त्यातले टॅग बघतच नसत. पंख्याचा आवाज जसा आपण ऐकत नाही, तसंच ते होतं.

सोमवारी ती सरांकडे गेली. संध्याकाळी परत आल्यावर तिनं दोघांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

सर म्हणाले, "इतकी वर्षं सगळे फ्रीझरमधले हेच क्लोन वापरतात."

ती म्हणाली, "म्हणूनच, सर."

सरांना ते आवडलं नाही. फेब्रुवारीत त्यांचं एका मोठ्या परिषदेत बीजभाषण होतं, सूर्योदयासकट. ते होऊ दे, मग बघू, असं त्यांचं मत पडलं. नव्यानं सगळं बनवायचं, पेशींत घालायचं, तपासायचं, म्हणजे जून हातचा जाणार, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं.

"म्हणजे नाही म्हणाले?"

"नाही असं नाही म्हणाले. विचार करून सांगतो म्हणाले. मी तो होकार धरला."

तिनं दुसऱ्या दिवसापासून लांब आणि मध्यम प्रकारांची शेपटी कापून मागच्या टोकाला जोडायला घेतली. सांगायला एका वाक्याचं हे काम, पण त्यात आठवडे जातात, आणि बरेचदा आठवड्याच्या शेवटी हाती काहीच लागत नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. प्रमुख पाहुणे प्रभागातले माजी नगरसेवक होते. त्यांना त्या सकाळी आणखी बऱ्याच सोसायट्या उरकायच्या होत्या, त्यामुळे ते उशिरा आले आणि घाईत बोलले. शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह असं सगळं झालं. बॅनरवर 'डॉ.' होतंच. चित्राच्या जागी सेक्रेटरींनी इंटरनेटवरून एक सूक्ष्मदर्शक घातला होता, भिंग खाली आणि पाहणारा डोळा वर, कुणाला काही बोलता येऊ नये असा.

भाचीला बोलायला सांगितलं. मी तिला दोन ओळी तयार करून दिल्या होत्या, आभाराच्या. त्या तिनं म्हटल्याच नाहीत.

"माझ्या कामाचा मुख्य भाग कदाचित चुकीचा आहे," ती माइकवर म्हणाली. "तो चुकीचा आहे की बरोबर, हे मी आत्ता तपासते आहे. ते कळेपर्यंत मला डॉक्टर म्हणू नये, अशी विनंती आहे."

एवढ्या टाळ्या पडल्या की गच्चीवरची कबुतरं उडाली. माजी नगरसेवकांनी माइक परत घेतला. "याला म्हणतात संस्कार!" ते म्हणाले. "एवढं शिकून पण बघा, किती नम्रता!" सेक्रेटरी नंतर तिच्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, फाडू बोललात. एकदम डाउन टू अर्थ."

खरं बोलणं लपवायचं असेल तर सत्कारासारखी जागा नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तिथे प्रत्येक वाक्य आधीच कौतुकात भिजवून ठेवलेलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर नांदेडकडच्या एक मावशी राहतात, पोस्टातून निवृत्त झालेल्या. जिन्यात त्या एकट्याच तिला थांबवून म्हणाल्या, "अगं, मग चुकीचं निघालं तर पुन्हा पहिल्यापासून करायचं का?"

"सगळं नाही, मावशी. एक प्रकरण."

"किती वर्षांचं?"

"बरंचसं."

"बाई गं," मावशी म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली.

परिषद झाली. सर बोलले, जुन्याच चित्रावर बोलले. पहिला निकाल आला तो त्यानंतर, होळीच्या आसपास, एका दुपारी. भाची नेहमीपेक्षा लवकर घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मधला घरी गेला, मामा."

मला 'देवाघरी' ऐकू आलं; वाटलं, शेजारचं कोणी वारलं.

मध्यम दांड्याच्या प्रकाराला पुढच्या टोकाशी एक छोटा तुकडा जास्तीचा असतो. तो त्याचा पत्ता. त्या पत्त्यामुळे ते विकर तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या वीजघरात, पोचतं. आमच्या विद्वान परंपरेनं शेपटी नेमकी त्या पत्त्याच्याही पुढे चिकटवली होती. पत्ता झाकला गेला आणि मधला इतकी वर्षं पेशीत बाहेरच भटकत होता. वाटेत जे भेटेल त्याला साखर लावत होता, आणि प्रयोगशाळा त्याची आवडनिवड म्हणून ते टिपून ठेवत होती. हे कुणाला दिसलं नाही, कारण प्रयोगात पेशी आधी फोडून एकजीव करतात. चटणी वाटली की खोबरं कुठल्या बाजूला होतं ते सांगता येत नाही. या वेळी तिनं पेशी न फोडता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. शेपटी मागे नेल्यावर मधला मुकाट्यानं आपल्या वीजघरात जाऊन बसला होता.

"म्हणजे ज्यांना तो साखर लावत होता, ती त्याची निवड नव्हतीच?"

"ती त्याची वस्ती होती," ती म्हणाली.

यावर मी बराच विचार केला. मी मीरा रोडला राहतो म्हणून माझी रोजची ऊठबस सेक्रेटरींशी आहे. तो माझ्या आवडीचा पुरावा नव्हे. पण दुरून कुणी माझा अभ्यास केला, तर माझा स्वभाव समारंभप्रिय आहे असं अगदी नीट सिद्ध होईल. निवड म्हणून आपण जे मोजतो, त्यात पत्ता किती आणि पसंती किती, हे वेगळं काढायची सोय बहुतेक अभ्यासांत नसते. माणसांच्या तर नसतेच.

ही झाली चांगली बातमी. दुसरी एप्रिलमध्ये आली. लांब प्रकाराच्या दांड्याचं तोंड मोकळं केल्यावर, आखूडची म्हणून जी खास प्रथिनं होती, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना लांबनंही साखर लावली. आखूडची वेगळी आवड संपली. जिच्यावर परिषदेत टाळ्या पडल्या होत्या, ती फक्त एका बोळ्याची गोष्ट निघाली.

जवळजवळ सगळ्यांना, म्हणजे सगळ्यांना नाही. एक प्रथिन उरलं, आणि तेही उलट बाजूचं. त्याला लांब दांडा साखर लावायचा, आखूड कधीच नाही. बोळा असो वा नसो, शेपटी पुढे असो वा मागे. भाचीनं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बाकी सगळं वाहून गेलं आणि हे तेवढं खडकासारखं राहिलं.

तिनं सरांना दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. ती सांगत होती की सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "टॅगच्या जागेचा परिणाम, हा स्वतंत्र पेपर होऊ शकतो." मला हसू आलं, पण तिला आलं नाही. कारण त्यानंतर सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली, परिषदेच्या आयोजकांना स्वतः कळवलं की आपलं चित्र मागे घ्यावं, आणि सूर्योदय पुन्हा दाखवला नाही. पोकळ डौलाच्या माणसाकडून एवढी अपेक्षा मी केली नव्हती. माझं निरीक्षण त्यांच्या बाबतीत कमी पडलं, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात मी त्यांना पाहिलं होतं ते फक्त मंचावर.

प्रबंध पातळ झाला. मुख्य प्रकरणाचं नाव बदललं. बाहेरच्या परीक्षकांनी आपला वेळ घेतला आणि तोंडी परीक्षा दिवाळीनंतर लागली. ही परीक्षा खुली असते, आणि उमेदवाराच्या घरच्यांनी येऊन बसायचं, नंतर सगळ्यांना समोसे, वेफर्स आणि चहा द्यायचा, अशी तिथली रीत आहे. बहीण महाडहून आली, कांजीवरम नेसून पहिल्या रांगेत बसली. बोलणं सगळं इंग्रजीत होतं. पण मुलगी कुठे अडखळते आहे ते तिला माझ्याआधी कळत होतं, कारण प्रत्येक वेळी तिची बोटं माझ्या मनगटावर आवळायची.

परीक्षक बारकेसे, वयस्कर गृहस्थ होते. शेवटी त्यांनी विचारलं की आधी सापडलेलं बहुतेक तूच खोडून काढलं आहेस, तर यातलं तुझं म्हणून काय राहतं?

"एक प्रथिन," भाची म्हणाली.

"त्याला लांब दांडाच का लागतो?"

"माहीत नाही."

बहिणीची बोटं आवळली. परीक्षकांनी कागद एकत्र केले आणि उभे राहून तिचं अभिनंदन केलं. सरांनी टाळ्या सुरू केल्या.

बाहेर चहा सुरू झाला. बहिणीनं मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि लगेच विषय काढला, "झालं ना आता? आज माझ्याबरोबरच चल. संध्याकाळची एसटी आहे. चार महिने घरी राहा, मग काय ते बघू."

"आई, मला अजून थोडं थांबायचंय."

"आता कशाला? पदवी मिळाली ना?"

"मिळाली. पण ते एक प्रथिन आहे ना, त्याचं कळलं नाही." तिनं समोसा बशीत ठेवला. "आखूडच्या दांड्याला एक एक वळण वाढवत न्यायचं. कितव्या वळणाला ते त्याला धरायला लागतं ते बघायचं. सर हो म्हणालेत."

"आणि नाहीच धरलं तर?"

"तर मग तेच कळेल, लांबी कारण नाही."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "दादा, तू तरी समजाव हिला."

मी भाचीला विचारलं, पहिलं वळण कधी जोडणार. ती म्हणाली, सोमवारी. मग मी बहिणीच्या हातातली रिकामी बशी घेतली आणि तिला सांगितलं की एसटी सुटायला अजून वेळ आहे, पण तिकीट एकच काढावं लागेल.